आधी नांगर उचला

मालवणच्या समुद्रात प्रवाळ लावू, असं कुणी म्हटलं की सगळे माना डोलावतात. कल्पना चांगलीच आहे. पाण्याखाली चौकटी ठेवायच्या, त्यांवर जिवंत प्रवाळाचे तुकडे बांधायचे, ते धरले की हळूहळू वसाहत वाढते. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या (यूएनडीपी-जीईएफ) प्रकल्पाच्या काळात मालवणात असे प्रयोग झालेही. पण त्याच पाण्यात हंगामात पर्यटकांच्या होड्या येतात आणि प्रवाळाच्या खडकावर नांगर टाकतात. मालवणात दिसणारे घुमटासारखे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. फुटबॉलएवढी वसाहत व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. नांगराला एक झटका पुरतो. आधी मोडणं थांबवा, मग लावायचं बोला.

कायद्याने हा प्रवाळ वाघाच्या रांगेत बसतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो 2001 पासून आहे. वाघाच्या पाठीवर पाय ठेवून कुणी व्हिडिओ काढला तर देशभर गदारोळ होईल. इथे पोहता न येणारा माणूस घाबरून प्रवाळावर उभा राहतो, फोटोत मासे यावेत म्हणून पाव कुस्करला जातो, आणि पाच मिनिटांनी त्याची क्लिप फोनवर येते. 1987 मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं 29.12 चौरस किलोमीटर पाणी सागरी अभयारण्य झालं. त्यातलं 3.18 चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी याच अभयारण्यात स्कूबामुळे होणाऱ्या प्रवाळाच्या मोडतोडीवर 2020 मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. माहिती नव्हती, असं आता कुणाला म्हणता येणार नाही.

दोष कुणाचा? पर्यटकाला खाली नेणाऱ्या मालवणच्या पोरावर बोट दाखवणं फार सोपं आहे. त्याच्या बापाची जाळी पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी आणि मासे ओढून घेणाऱ्या एलईडीच्या दिव्यांनी रिकामी केली, तेव्हा त्याने होडीत हवेची टाकी ठेवली आणि पाण्यात उतरायचं नवं काम शिकला. कष्टाचं, जोखमीचं काम आहे ते. दोष दर पाडणाऱ्या स्पर्धेचा आहे. दर पडला की फेऱ्या वाढवाव्या लागतात, फेऱ्या वाढल्या की एका माणसाला द्यायचा वेळ कमी होतो, आणि उतरण्याआधीचं शिकवणं सगळ्यात आधी कापलं जातं. ‘अजून शंभर कमी करा’ म्हणत घासाघीस करणारे आपण मुंबई-पुण्याचे पर्यटक या साखळीत बसलेलेच आहोत. स्वस्तात उरकण्याची किंमत माणसंही मोजतात. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले.

सरकारचं लक्ष मोठ्या वस्तूंकडे चटकन जातं. नौदलातून 2024 मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवतीच्या खडकांजवळ बुडवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम भित्तिका करायची योजना आहे, केंद्राने त्यासाठी सुमारे 47 कोटी मंजूर केले. योजनेला माझा विरोध नाही. नवख्यांची गर्दी लोखंडाकडे वळली आणि जिवंत प्रवाळ मोकळा झाला, तर जहाजाचं सोनं होईल. पण मग ती अट कागदावर लिहा: तिकडे जितके उतरतील तितके इकडे कमी. तसं न लिहिता जहाज बुडवलं तर गर्दी दोन्हीकडे होईल. आणि या कोट्यवधींच्या शेजारी कायमच्या बोयांची ओळ घाला. तळाशी एकदा पक्का बांधलेला बोया, त्याला होडी बांधायची, नांगर होडीतच. जगभर डायव्हिंगच्या ठिकाणी हे होतं. यात अवघड तंत्र काही नाही.

आता मे महिन्याचं. पश्चिम किनाऱ्याचं पाणी पावसाळ्याच्या तोंडावर, एप्रिल-मेमध्ये, सर्वांत तापतं. तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि उपाशी राहतो. 2024 मध्ये लक्षद्वीपला हेच झालं. नेमक्या याच महिन्यात शाळांना सुट्टी, आणि मालवणात मोठी गर्दी. आजाऱ्याला विश्रांती द्यायच्या दिवसांत आपण त्याच्या अंगावर उड्या मारतो. थायलंडने 2016 मध्ये प्रवाळ पांढरा पडू लागल्यावर डायव्हिंगच्या अनेक जागा बंद केल्या होत्या, आणि पर्यटनावर जगणारा देश आहे तो. प्रवाळाच्या लावणीने समुद्र थंड होत नाही. बंदीनेही होत नाही, पण तापलेल्या प्रवाळाला सावरायला उसंत मिळते.

ही बंदी ठरवायची कुणी? मुंबईहून आलेल्या आदेशाने अभयारण्य झालं आणि मच्छीमारांना ते पोटावर पाय वाटलं; त्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला. तो विरोध अडाणीपणाचा नव्हता. फिलिपाइन्समधल्या अपो या छोट्या बेटावर उलट्या बाजूने सुरुवात झाली. सिलिमान विद्यापीठाचे अँजेल अल्काला तिथल्या कोळ्यांशी बोलत राहिले, आणि 1982 मध्ये गावानेच किनाऱ्यालगतचा लहान पट्टा मासेमारीला बंद केला. राखण गावाची. पुढे डायव्हिंगला येणाऱ्यांकडून शुल्कही सुरू झालं. 2011 आणि 2012 च्या वादळांनी तो पट्टा उद्ध्वस्त केला, तेव्हा तिथे पर्यटकांना मज्जाव झाला. आधी मासे, मग पाहुणे, हा क्रम त्यांना कुणी समजावून सांगावा लागला नाही.

मालवणला तर ही रीत बाहेरून आणायचीच गरज नाही. रापण काय असते? एकाच्या बळाने ती ओढली जात नाही. जाळं सगळ्यांचं, कष्ट सगळ्यांचे, किनाऱ्यावर मासळीचे वाटे पडतात. रापणीच्या संघात कधी जाळं टाकायचं, कुणाला किती वाटा, हे गावकरीच ठरवतात. स्कूबाला हाच हिशेब लावा. मालवणच्या दांडीपासून राजकोटापर्यंतच्या होडीवाल्यांचा एक संघ, रोजच्या उतरणाऱ्यांची एक मर्यादा, पाळीने फेऱ्या, सगळ्यांचा एकच दर, आणि प्रत्येक तिकिटातला एक वाटा प्रवाळासाठी राखून. त्या वाट्यातून बोये बांधावेत, नव्या तुकड्यांची निगा राखावी, राखणदाराला पगार द्यावा. आणि संघाला ‘आज बंद’ म्हणण्याचा अधिकार लेखी हवा, वनखात्याच्या सहीने. नुसती जागरूकतेची शिबिरं घेऊन हा अधिकार द्यायचा राहिला, तर शिबिराचा चहा संपताच सगळं पूर्ववत होईल.

दरवर्षी 26 मे ते 31 ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात. समुद्र खवळलेला, होड्या किनाऱ्यावर, माणसं गावात. संघ बनवायला, दर ठरवायला, गाभा क्षेत्रातले बोये कुठे हवेत याचा नकाशा तांडेलांकडून काढून घ्यायला यापेक्षा बरे दिवस नाहीत. बैठक वनखात्याने बोलवावी, मेरीटाइम बोर्डाने आणि पर्यटन महामंडळाने तिथे येऊन बसावं, आणि पाणी निवळताच, पहिला पर्यटक उतरण्याआधी, पहिला बोया पाण्यात जावा.