पोपट सगळ्यांचाच छान येतो
२०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्या बनवणाऱ्यांच्या डोक्यात यूव्ही फ्लॅटबेड प्रिंटर शिरला. तो निवडणं म्हणजे स्थळ बघणं. विक्रेता ताशी चौरस मीटरचा जो आकडा छातीठोकपणे सांगतो तो ड्राफ्ट मोडचा. त्यात ‘वैद्य’ आणि ‘वैश्य’ सारखेच दिसतात. डेमोला हमखास पोपटाचा फोटो. पोपट काय, सगळ्यांचाच छान येतो! आपण पिशवीतून काळं अ‍ॅक्रिलिक काढावं आणि त्यावर पांढऱ्यात बारीक अक्षरात ‘लक्ष्मी’ मागावी. लगेच चहा येतो. पांढऱ्या शाईतलं टायटॅनियम डायऑक्साइड जड, तळाशी बसतं, म्हणून छपाई नसतानाही शाई फिरती ठेवावी लागते. मालक गावच्या जत्रेला गेला तरी विजेचा मीटर पळतोच. पाटीसाठीचा एसीपीचा (अ‍ॅल्युमिनियम कंपोझिट पॅनेलचा) पत्रा आठ बाय चार फुटांचा, म्हणून बेडही तेवढा हवा. आपला गाळा दहा बाय दहाचा, हे बयाणा दिल्यावर आठवतं. प्रिंटहेड जपानी, सांगाडा चिनी, वॉरंटी तोंडी. त्या वॉरंटीत हेड धरलंय का, असं विचारलं की विक्रेत्याला नेमका दुसरा फोन येतो.