तोफांआधी मायना

अंतराळातली लढाई पोस्टमनने सायकलवरून आणून द्यावी, ही कल्पनाच मला फार आवडते. अमेरिकेत रिक लूमिस या गृहस्थांनी १९७० साली टपालाने खेळायचे युद्धखेळ सुरू केले आणि १९७६ मध्ये त्यांच्या फ्लाइंग बफेलो कंपनीचा ‘स्टारवेब’ आला. १५ खेळाडू, २५५ ग्रह. कुणी सम्राट, कुणी व्यापारी, कुणी चाचा, कुणी धर्मप्रसारक. प्रत्येकाने आपले हुकूम लिहून धाडायचे, संगणक सगळ्यांचा एकदम निवाडा करणार आणि निकाल टपालाने घरी येणार. तोवर आपला ग्रह आहे की गेला, देव जाणे! मधल्या दिवसांत खेळाडू एकमेकांना पत्रं लिहीत: आपण दोघं तह करू, त्या तिसऱ्याला बुडवू.

हा खेळ आमच्या वऱ्हाडातल्या अंजनगाव सुर्जीत खपला असता. एकतर रखडत चालणाऱ्या शकुंतला रेल्वेने ज्यांना वाट पाहायला शिकवलं, ते पुढच्या डावासाठी कशाला तळमळतील? ‘घाई काहून करतं बावा?’ म्हणत पान लावतील. दुसरं म्हणजे तहाचा अनुभव. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रजांचा तह इथलाच. शिंद्यांकडून बोलणी करणाऱ्या विठ्ठलपंतांच्या चेहऱ्यावरची रेष हलत नसे, म्हणून इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या गोटात ब्रॅग या पत्त्यांच्या डावावरून त्यांचं नाव पडलं ‘ओल्ड ब्रॅग’. पुढे फ्रान्सचा मुत्सद्दी तालेराँ कसा आहे, असं कुणी विचारलं, तर वेलस्ली म्हणाला म्हणे, “आपल्या ओल्ड ब्रॅगसारखाच, पण तेवढा हुशार नाही.”

अर्थात हुशारीला उशीर झाला होता. असई, लासवारी आणि आपल्या वऱ्हाडातलं अडगाव, सगळीकडे लढायांचे निकाल लागून गेले होते. गंगा-यमुनेचा दुआब, भडोच, अहमदनगर शिंद्यांच्या हातून गेलं. निर्विकार चेहऱ्याने गेलेला मुलूख परत येत नाही. पण जिंकणाऱ्याच्या लक्षात राहिला तो समोरचा माणूस.

टपाली खेळात हेच घडत असणार. शत्रूचं अक्षर ओळखीचं होतं, त्याच्या थापाही ओळखीच्या होतात, आणि एवढी ओळख झालेल्या माणसाचा मनापासून राग करणं अवघड जातं. मोबाइलवर आज क्षणात दहा जण उडवता येतात. नाव विचारायलाही सवड नसते. मला वाटतं, ज्याला उडवायचं त्याला आधी ‘सप्रेम नमस्कार, वि. वि.’ लिहिण्याची सक्ती करावी. निम्मी युद्धं मायन्यातच अडकतील आणि उरलेली तिकीट आणायला जाण्याच्या कंटाळ्याने रद्द होतील.