खिशात बेडूक सापडल्यास

लष्करी शिस्तीच्या घरात नवी गव्हर्नेस पाऊल ठेवते तेव्हा तिच्याजवळ एक बॅग, एक शिफारसपत्र आणि मुलांविषयीचे काही गैरसमज एवढंच असतं. पैकी बॅग पूर्ण रिकामी करू नये, हा या मार्गदर्शिकेचा पहिला नियम. 'द साउंड ऑफ म्युझिक'मधल्या कॅप्टन फॉन ट्रॅपच्या घरी मारिया येते ती बारावी, आणि तिच्या आधीची बाई दोन तास टिकलेली. दोन तासांत कपडे कपाटात लावायचे आणि तेच पुन्हा बॅगेत भरायचे, ही मेहनत पगारात धरलेली नसते. सामानाचं हे असं. खरा प्रश्न बेडकाचा आहे. १९६५ सालच्या त्या चित्रपटात सात मुलं पहिल्याच भेटीत बाईंच्या खिशात बेडूक सोडतात, जेवायच्या खुर्चीवर पाइनच्या झाडाचं टोकदार फळ ठेवतात, आणि बरणीभर कोळी घेऊन बाईंच्या खिडकीपर्यंत चढता येतं अशीही माहिती पुढे मिळते. यावर अनुभवी मंडळींचं, म्हणजे ज्यांना स्वतः सात मुलं सांभाळावी लागत नाहीत त्यांचं, मत ठरलेलं असतं: कार्टी वांड आहेत, दोन धपाटे घाला. प्रस्तुत मार्गदर्शकाचं मत निराळं आहे. बेडूक गव्हर्नेससाठी नसतोच. तो वडिलांच्या नावे केलेला अर्ज असतो. गव्हर्नेसचा खिसा ही फक्त टपालपेटी.

या शोधाचं श्रेय घेण्याची फार इच्छा होती, पण चित्रपटात मुलंच ते डोंगरावरच्या सहलीत बोलून टाकतात: खोड्या केल्या नाहीत तर बाबांचं लक्ष जाणार कसं? आई गेलेली, वडील व्हिएन्नाला, आणि घरी असले तरी त्यांची भेट शिट्टी वाजल्यावर रांगेत उभं राहून व्हायची. अशा घरात गव्हर्नेस पळून गेली की वडिलांना यावं लागतं, रागवावं लागतं, नवी बाई शोधावी लागते. म्हणजे अर्ज मंजूर. यातून निघणारा नियम सोपा आहे आणि पाळायला महाकठीण: तक्रार घेऊन वडिलांकडे जाऊ नये. जाल तर पुढच्या आठवड्यात दोन बेडूक. मारिया काय करते ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. जेवणाच्या टेबलावर, वडिलांच्या समोर, ती मुलांचे आभार मानते; खिशात ठेवलेल्या त्या छानशा भेटीबद्दल, अनोळखी बाईला घरचं वाटावं म्हणून दाखवलेल्या आपुलकीबद्दल. वडील विचारतात, कसली भेट? ते मुलांचं आणि माझं गुपित, असं म्हणून ती विषय मिटवते. एकेक मूल रडायला लागतं. अनेकांना हा गोडवा वाटतो. खरं तर हा पक्का कारकुनी डाव आहे. अर्ज वरच्या साहेबांपर्यंत गेलाच नाही, आणि कचऱ्याच्या टोपलीतही पडला नाही. तो वाचला गेला, पोच मिळाली, आणि मोठ्या माणसानं आपलं गुपित राखलं हे त्या घरात बहुधा पहिल्यांदाच घडलं. अपराधी वाटण्याची सोय पोरांची पोरांनीच केली. इथे एकच खबरदारी: आभार मानताना आवाजात उपरोध येऊ देऊ नका. उपरोध मुलांना कळतो, आणि वडिलांना तर फारच लवकर कळतो.

आता वडिलांकडे वळू, कारण तेच या घरातले पहिले विद्यार्थी. शिट्टीचा राग येण्याआधी शिट्टी कुठून आली ते समजून घ्या. ज्या खऱ्या माणसावरून हा कॅप्टन बेतला तो गेओर्ग फॉन ट्रॅप ऑस्ट्रिया-हंगेरीच्या नौदलात पाणबुडीचा कप्तान होता. त्याची यू-५ ही पाणबुडी पेट्रोलच्या इंजिनावर चालायची. आत विसेक माणसं, हवा कोंदलेली आणि तीत पेट्रोलची वाफ. अशा नळकांड्यात एकानं झडप नीट लावली नाही तर सगळे बुडतात, तेव्हा तिथे 'का?' असं विचारणारा माणूस गैरसोयीचा असतो. नौदलाच्या शिट्टीचंही तसंच. वाऱ्यात माणसाचा आवाज पोचत नाही, शिट्टीचा पोचतो. पुढे १९१८ साली साम्राज्य कोसळलं आणि ऑस्ट्रियाकडे समुद्रच उरला नाही. किनारा गेला, आरमार गेलं, कप्तान तेवढा राहिला. समुद्र नसलेल्या देशातल्या कप्तानानं शिट्टी वाजवायची तरी कुठे? दिवाणखान्यात. घर बुडत नसतं, पोरानं दात न घासल्यानं पाणी आत येत नाही, पण ही गोष्ट त्या माणसाला कोणी सांगितलेली नसते. असे कप्तान आपल्याकडेही असतात आणि त्यासाठी नौदलात असावंच लागतं असं नाही. निवृत्तीनंतर सोसायटीच्या पाण्याच्या वेळा ठरवणारे, लग्नाच्या पंगतीत घड्याळ बघणारे, नातवंडांना 'सावधान'मध्ये उभं करून पाढे विचारणारे. चीड येते, येऊ द्या. पण त्यांच्याकडून शिट्टी हिसकावून घेऊ नये. माणसाच्या हातून शेवटचं जहाज काढून घेतलं तर तो बुडतोच, शिवाय वाटेत सगळ्यांवर ओरडतो. उलट शिट्टीची कामं हळूहळू कमी करत आणावीत. जेवणासाठी राहू द्या, झोपेसाठी बंद करा. थोड्या वेळा वाजणाऱ्या शिट्टीचा मान राहतो, हे कोणताही जुना खलाशी कबूल करील.

इथे जाणकार वाचक हात वर करणार हे गृहीत धरलेलं आहे. त्यांचं म्हणणं: खरा गेओर्ग असा नव्हताच. हा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे. त्याच्या मुलांनी मोठेपणी सांगितलेले वडील मायाळू होते आणि घरात गाणंबजावणं मारिया येण्याआधीपासून होतं. शिट्टी होती, प्रत्येक मुलाची खूणही वेगळी होती, पण ती मोठ्या घरात आणि बागेत विखुरलेल्या पोरांना हाक पोचावी म्हणून, कवायतीसाठी नव्हे. मुलांची आई १९२२ साली स्कार्लेट फीव्हरनं गेली. मारिया १९२६ साली साल्झबुर्गच्या नोनबर्ग मठातून आली ती सात जणांची गव्हर्नेस म्हणून नाहीच. आजारातून उठलेल्या एका मुलीला घरी शिकवण्यासाठी आली. पुढच्या वर्षी तिचं गेओर्गशी लग्न झालं. घरातला खरा तापट स्वभाव होता तो तिचा, असं याच मुलांनी पुढे सांगितलं आहे. कडाडायची आणि घटकेत निवळायची. पडद्यावरच्या थंड, करड्या कप्तानाचं त्या कुटुंबाला वाईट वाटलं होतं. मग आमच्या बेडूक-सिद्धांताचं काय? तो उलट पक्का होतो. मुलांना कडक बापाशी भांडायचं नसतं, गैरहजर बापाला बोलवायचं असतं. खऱ्या घरात बाप हाकेच्या अंतरावर होता आणि शिट्टी मुलांना त्याच्याकडे बोलवायची. सिनेमाच्या घरात तीच शिट्टी मुलांना रांगेत थांबवते आणि बाप निघून जातो. वस्तू तीच, आवाजही तोच. म्हणून नव्या बाईंनी पहिल्या आठवड्यात शिट्टी किती कर्कश आहे हे मोजत बसू नये. ती वाजल्यावर पुढे काय होतं ते पाहावं.

मग इतका कडक बाप लागतो कुणाला? लागतो गोष्टीला, आणि खासगीत बोलायचं तर गव्हर्नेसला. बाप जितका करडा, तितकी बाईंची कर्तबगारी मोठी. या बाबतीत सर्वात नमुनेदार उदाहरण आपल्या अहमदनगरचं आहे. ॲना लिओनोवेन्स १८३१ साली तिथे जन्मली. वडील मुंबई फौजेत सार्जंट होते आणि ते तिच्या जन्माआधीच वारले. पुण्यात १८४९ साली तिचं लग्न झालं. पुढे १८६२ ते १८६७ या काळात बँकॉकला सयामचा राजा मोंगकुट याच्या दरबारात मुलांची शिक्षिका झाली आणि त्यावर पुस्तक लिहिलं. त्याबरोबर स्वतःचं चरित्रही नव्यानं लिहिलं: जन्म वेल्समधला, आणि वडील सार्जंट नव्हे, कॅप्टन! नगरच्या छावणीतल्या मृत सार्जंटाला लेकीनं अशी बढती दिली. राजाही तिच्या लेखणीखाली बराच उग्र झाला. त्यावरचा सिनेमा थायलंडनं चालू दिला नाही. गंमत अशी की ॲनाच्या गोष्टीवरचं 'द किंग अँड आय' आणि 'द साउंड ऑफ म्युझिक' ही दोन्ही संगीतकं रॉजर्स आणि हॅमरस्टाइन याच जोडीची, १९५१ आणि १९५९ सालची. या धंद्यात उग्र पुरुषाचा पुरवठा कमी पडू देत नाहीत. ॲनाला दोष देण्याचं कारण नाही. परक्या मुलखात पोट भरणाऱ्या विधवेला कॅप्टनची मुलगी असणं उपयोगी पडतं, सार्जंटची असणं पडत नाही. पण या मार्गदर्शिकेच्या वाचकांनी घरी पत्र लिहिताना सावध असावं. 'इथले साहेब राक्षस आहेत' हे वाक्य तिसऱ्या पत्रात आलं, तर आधी आपला पहिल्या महिन्याचा राग त्यातून वजा करावा.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. वडील मवाळ असले की मुलं शहाणी होतात काय? होत नाहीत. ॲन ब्राँटी १८३९ साली इंग्लंडमध्ये ब्लेक हॉल नावाच्या घरात गव्हर्नेस होती. वर्ष संपता संपता तिला घरी पाठवण्यात आलं. त्याचा सगळा जाळ 'ॲग्नेस ग्रे' या १८४७ सालच्या कादंबरीत उतरला आहे. तिथली मुलं पाहिली तर ट्रॅपची मुलं संतांच्या पालखीतली वाटावीत. दोष कशाचा? मुलं बिघडली तर जबाबदार गव्हर्नेस, पण शिक्षा करायचा अधिकार तिला नाही, आणि मुलांना हे पक्कं ठाऊक. सिनेमातली मारिया शिट्टीला ओ द्यायचं तोंडावर नाकारते ते मुलांच्या देखत, म्हणून तिला बळ मिळतं. ॲग्नेसला ती सोय नाही, कारण तिथे नाकारण्यासारखं ठोस काहीच समोर नसतं. थोडक्यात कडक बापाच्या घरी निदान हुकूम कुणाचा ते कळतं. नोकरी पत्करतानाच विचारून घ्यावं: मुलाला झोपायला मी पाठवू शकते का? उत्तर लांबलं तर बॅग मुळीच उघडू नये.

बाकीचे नियम किरकोळ. सगळी नावं पहिल्याच दिवशी पाठ करावीत, पण मुलं सांगतील त्यावर विसंबू नये. सिनेमात लुईझा खुशाल ब्रिगिटा म्हणून हजर होते. पडदे कापून मुलांना खेळायचे कपडे शिवायचे असतील तर नवे पडदे लागल्यानंतरच जुन्यांना कात्री लावावी; मारियानंही एवढा व्यवहार पाळला होता. जेवायला बसण्याआधी खुर्चीवरून हळूच हात फिरवावा. आणि बेडूक सापडला तर किंचाळून झाल्यावर (किंचाळणं अटळ आहे, त्याला नियम नाही) त्याला रुमालात धरून तळ्याकाठी सोडून यावं. त्याच्यावर ओरडू नये. या सबंध प्रकरणात त्याला कुणी काही विचारलेलंच नव्हतं.