साडेबारा पौंडांचे आजोबा

आजोबांचा उपयोग काय, हा प्रश्न आपल्याकडे फार उशिरा पडतो. बहुधा सातबाऱ्यावरचं त्यांचं नाव कमी करायची वेळ येते तेव्हा. ब्रिटिश सरकारनं मात्र आजोबांचा उपयोग नियमात लिहून ठेवला आहे. तुम्ही राष्ट्रकुलातल्या एखाद्या देशाचे नागरिक असाल, वयाची १७ वर्षं पूर्ण असतील, तिकडे जाऊन काम करायची तयारी आणि ताकद असेल आणि तुमच्या आजी-आजोबांपैकी कुणी एक ब्रिटनमध्ये जन्मलेलं असेल, तर 'यूके अँसेस्ट्री' नावाचा पाच वर्षांचा व्हिसा मागता येतो. नोकरीचं पत्र लागत नाही. अमुक पगार हवा अशी अट नाही. कमाल वयाची मर्यादा नाही. चौघांपैकी एक पुरतो. उरलेले तिघे कोण, कुठले, काय करत होते, याची चौकशी होत नाही. आपल्याकडे मुलगी दाखवतानासुद्धा इतकी सूट मिळत नाही.

भारत राष्ट्रकुलात आहे. म्हणजे ही सोय ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिकेतल्या नातवंडांइतकीच आपल्याही नातवंडांना आहे. कायद्यात भेदभाव नाही. फक्त माल हवा. मेलबर्नमध्ये ग्लासगोची आजी गल्लोगल्ली मिळते, नारायण पेठेत ती मिळत नाही. याला सरकार काय करणार?

तरीही कुठं बॅरिस्टर व्हायला गेलेल्या आजोबांनी परतताना आजी आणलेली असते, कुठं रेल्वेच्या वसाहतीत गोऱ्या ड्रायव्हरचं घराणं चार पिढ्या नांदलेलं असतं. अशा घरातला नातू मग वकिलाकडे जातो. तिथला संवाद साधारण असा होतो.

'साहेब, माझे आजोबा इंग्रज होते.'

'छान. जन्म कुठला?'

'भुसावळचा.'

'मग होते इंग्रज, पण आपल्या कामाचे नाहीत.'

'अहो, त्यांचे वडील लँकेशायरहून आले होते. इंजिन ड्रायव्हर.'

'ते तुमचे पणजोबा. पणजोबा चालत नाहीत.'

'पण आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद लंडनला आहे! ब्रिटिश लायब्ररीत, मुंबई इलाख्याच्या नोंदवह्यांत.'

'नोंद लंडनला आहे, जन्म भुसावळला आहे. व्हिसा जन्मावर मिळतो.'

'आणि समजा, बोटीवर जन्मले असते तर?'

'बोट ब्रिटनमध्ये नोंदलेली असेल तर चाललं असतं. विमानही चालतं.'

'आजीचं दुसरं लग्न झालं होतं. ते आजोबा लंडनचे.'

'सावत्र चालत नाही. दत्तक चालतं, कागद असले तर.'

'बरं, आजीची आई डब्लिनची...'

'पुन्हा पणजी! आणि आजीच डब्लिनची असती तरी तारीख बघावी लागली असती. ३१ मार्च १९२२ च्या आधी जन्मली असेल तर चालते.'

म्हणजे ३० मार्चला जन्मलेली आजी नातवाला लंडनला नेते आणि एका रात्रीचा उशीर केलेली आजी नेत नाही. आपल्याकडे हा घोळ कधीच झाला नसता. आपल्या निम्म्या आजोबांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच सोयीची होती.

इथं कुणी म्हणेल, इतका बारीक नियम म्हणजे इंग्रजांची शिस्त. शिस्तीचा इतिहासही तसा बघण्यासारखा आहे. आजोबा ब्रिटिश नियमांत पहिल्यांदा आले ते कुणाला आत घ्यायला नव्हे, बाहेर ठेवायला. १९६८ साली केनियातले आशियाई लोक, ज्यांच्या खिशात ब्रिटिश पासपोर्टच होता, ते ब्रिटनकडे निघाले. त्यांत गुजराती, पंजाबी, गोंयकार होते, थोडे मराठीही. तेव्हा पार्लमेंटनं तीन दिवसांत कायदा करून टाकला: पासपोर्ट ब्रिटिश असला तरी पुरणार नाही, स्वतःचा, आई-बापांचा किंवा आजी-आजोबांचा त्या मातीशी संबंध दाखवा. नैरोबीतल्या दुकानदाराचे आजोबा जामनगरचे निघाले आणि दार लागलं.

पुढं १९७२ च्या नोव्हेंबरात सरकारनं नवे नियम मांडले, तर त्यांच्याच पक्षातले खासदार उलटले. ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारात चाललं होतं. इटलीचा माणूस सहज येणार आणि ऑस्ट्रेलियातल्या भाचरांनी रांगेत उभं राहायचं, हे त्यांना पटेना. सरकार मतदानात हरलं. नियम दुरुस्त झाले आणि १९७३ च्या जानेवारीत, ज्या महिन्यात ब्रिटन युरोपात शिरलं त्याच महिन्यात, ब्रिटनमध्ये जन्मलेल्या आजोबांच्या नातवंडांसाठी दार किलकिलं झालं. पाच वर्षांत एकाच आजोबांनी दोन कामं केली. आधी कडी लावली, मग काढली. दोन्ही वेळा ते अर्थातच हयात नसल्यासारखे गप्प होते.

आता पैशांकडे वळू. अशा व्हिसाचा विषय निघाला की बैठकीतला पहिला प्रश्न एकच असतो, वकील किती घेतो? हा प्रश्न विचारताना आपला आवाज आपोआप खाली जातो, कारण वकील लुटतात यावर आपलं सर्वपक्षीय एकमत आहे. म्हणून वकिलाच्या बिलापासूनच सुरुवात करू.

वकिलाचं काम तसं थोडं असतं. अर्ज ऑनलाइन आहे, तो तुम्हीही भरू शकता. कागद तीन पिढ्यांचे लागतात: तुमचा जन्मदाखला, ज्या बाजूनं जाताय त्या आईचा किंवा वडिलांचा आणि त्यांच्या आईचा किंवा वडिलांचा. शिवाय लग्नाचे दाखले, कारण लग्नानंतर आडनावं बदललेली असतात. खरी मेहनत नावं जुळवण्यात आहे. दाखल्यावर आजी एलिझाबेथ असते, लग्नाच्या नोंदीत बेसी आणि थडग्यावर लिझी. या तिघी एकच बाई होत्या हे पटवून देणारं पत्र वकील लिहितो. ज्यांनी पांडुरंग, पांडू आणि पी. डी. हे एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र तहसील कचेरीत केलं आहे, त्यांना हे काम मोफतही जमेल.

फी तासावर असते किंवा ठोक असते. तासावर असेल तर आजोबांच्या आठवणी सांगत बसू नये, घड्याळ चालू असतं. ठोक असेल तर दोन गोष्टी लिहून घ्याव्या: सरकारी शुल्क यात धरलंय की वेगळं, आणि अर्ज फेटाळला तर पुढचं काम कुणाच्या खर्चानं. ब्रिटनमध्ये पैसे घेऊन असा सल्ला द्यायला वकील असावं लागतं किंवा सरकारदरबारी नोंद असावी लागते. विनानोंद सल्ला देणं तिथं गुन्हा आहे. आपल्याकडे झेरॉक्सच्या मशीनशेजारी बसून 'तिकडं आपला माणूस आहे' म्हणणाऱ्याला तो कायदा लागू होत नाही. आणि परवडत नाही म्हणून सरकारी खर्चानं वकील मागाल, तर तेही दुकान बंद आहे. एप्रिल २०१३ पासून इंग्लंड-वेल्समध्ये स्थलांतराच्या बहुतेक प्रकरणांना कायदेविषयक मदत मिळत नाही.

तर वकील झाला. आता आजोबा विकत घेऊ.

इंग्लंड-वेल्समधल्या जन्माच्या नोंदी १८३७ पासून आहेत. नोंदणी कार्यालयाकडे ऑनलाइन मागणी केली की दाखला साडेबारा पौंडांत घरी येतो. मात्र पूर्ण दाखला मागवायचा, नुसतं नाव-तारखेचा छोटा चालत नाही, कारण आई-वडिलांची नावं पूर्ण दाखल्यावरच असतात. आडवा लांबट कागद असतो. रकाने ठरलेले: केव्हा व कुठे जन्म, नाव, मुलगा की मुलगी, बापाचं नाव, आईचं नाव आणि माहेरचं आडनाव, बापाचा धंदा, खबर देणाऱ्याची सही. घरोघरी या कागदाची वाट बघताना पूर्वज हळूहळू सरदार होत जातात. पाकीट फोडल्यावर धंद्याच्या रकान्यात 'खाण कामगार' निघतो. नातवानं नाराज होऊ नये. खाण कामगाराच्या मुलावर मिळणारा व्हिसा लॉर्डाच्या मुलावर मिळणाऱ्या व्हिसापेक्षा एक दिवसही कमी नसतो.

आजोबा साडेबारा पौंडांत आले. आता नातवाचा खर्च.

एप्रिल २०२५ च्या दरपत्रकाप्रमाणे अर्जाचं शुल्क ६८२ पौंड. त्याखाली एक ओळ असते, आरोग्य अधिभार. तुम्ही आजारी पडाल या आशेवर सरकार पाचही वर्षांचे पैसे आगाऊ घेतं. २०१५ साली हा अधिभार सुरू झाला तेव्हा वर्षाला २०० पौंड होता. मग ४००, मग ६२४ आणि फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५. पाच वर्षांचे ५,१७५. हे भरून तुम्ही तिकडे नोकरीला लागलात की पगारातून नॅशनल इन्शुरन्स कापला जातो तो वेगळा आणि ती आरोग्यसेवा ज्यावर चालते तो करही वेगळा. एकाच तापासाठी तीनदा पैसे. ताप न आल्यास परत मिळत नाहीत.

बायको-मुलांना बरोबर न्यायचं तर प्रत्येकाचा अर्ज वेगळा. मुलांना अधिभारात सवलत आहे, वर्षाला ७७६ पौंड. नवरा, बायको आणि दोन मुलं असं चौकोनी कुटुंब धरलं तर चार अर्जांचे २,७२८ आणि अधिभाराचे १८,११० मिळून २०,८३८ पौंड होतात. पौंड शंभर रुपयांच्या पुढं जाऊन बराच काळ झाला, त्यामुळे हा आकडा वीस लाखांच्या वरच राहतो. यात विमानाचं तिकीट नाही, भारतातून जाणाऱ्यांना लागणारी क्षयाची तपासणी नाही, निकाल लवकर हवा म्हणून भरायचे ५०० पौंड नाहीत. आणि एवढं भरल्यावर वर आणखी दाखवायचं असतं की सरकारी मदतीशिवाय आमचा निभाव लागेल. ज्याच्याकडून वीस लाख घेतले त्यालाच विचारतात, तुझ्याकडे काही शिल्लक आहे ना?

अर्ज फेटाळला तर अधिभार परत येतो, शुल्क येत नाही. निर्णय चुकला असं वाटलं तर फेरतपासणी मागता येते. ८० पौंड. अर्थात तुमचे.

मंजूर झाला तर पाच वर्षांनी कायमच्या वास्तव्याचा अर्ज: माणशी ३,०२९ पौंड. त्याआधी ब्रिटिश जीवनावरची परीक्षा, ५० पौंड. मग नागरिकत्व, शपथविधी धरून १,७३५. एकट्या माणसाची आजोबांच्या दाखल्यापासून राणीच्या, आता राजाच्या, निष्ठेच्या शपथेपर्यंतची सरकारी बेरीज १०,६८३ पौंड ५० पेन्स. शपथ घेताक्षणी भारताचं नागरिकत्व संपतं, कारण आपल्याकडे दोन दगडांवर पाय चालत नाही. मग भारतात यायचं तर ओसीआय कार्ड काढायचं. त्यालाही शुल्क आहे, पण तो दुसऱ्या सरकारचा धंदा.

गोव्याचे वाचक एव्हाना हसत असतील. त्यांच्याकडे हा व्यवहार थेट होतो. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगाल व्हिसा नव्हे, नागरिकत्वच देतं. लिस्बनला जन्म नोंदवावा लागतो. तिथला खर्च कागदांचा: जुन्या नोंदवहीतला उतारा, पोर्तुगीज भाषांतर, शिक्के, आणि पोर्तुगीज कारकुनानं एका तऱ्हेनं व भारतीय कारकुनानं दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेल्या आडनावाची दुरुस्ती. तो पासपोर्ट काढून कितीतरी गोंयकार लिस्बनला न थांबता स्विंडनला गेले. ३१ डिसेंबर २०२० ला युरोपच्या नागरिकांचा ब्रिटनमधला मुक्त संचार संपला आणि तो रस्ता नव्यांना बंद झाला. पोर्तुगीज आजोबांवर इंग्लंड मिळायचं, ते दिवस गेले. आता इंग्लंडला जायचं तर आजोबा इंग्लंडचेच लागतात.

सगळी बेरीज बघितल्यावर वकिलाबद्दल दोन बरे शब्द बोलणं भाग आहे. त्याच्या फीवर घासाघीस चालते, दुसऱ्या वकिलाकडे जाता येतं, त्याला काहीच न देता स्वतः अर्ज भरता येतो. सरकारी शुल्कावर यातलं काही चालत नाही. अर्ज हाताळायला जितका खर्च येतो तितकंच शुल्क घ्यावं, असं बंधन ब्रिटिश सरकारवर नाही. २०१४ च्या कायद्यानं त्याहून जास्त घ्यायची मुभाच दिली आहे. वकिलानं असं केलं असतं तर त्याला आपण दरोडेखोर म्हटलं असतं. सरकार करतं तेव्हा त्याला धोरण म्हणतात आणि पावती देतात.

तेव्हा ज्यांच्या घरी विलायतेच्या आजी-आजोबांची गोष्ट सांगितली जाते त्यांनी क्रम सांभाळावा. वकिलाच्या आधी दाखला मागवावा. साडेबारा पौंडांत जन्माचं गाव कळतं. गाव ब्रिटनमधलं निघालं तर वीस लाखांची सोय करायला लागा. नोंदच सापडली नाही आणि घरातल्या जुन्या कागदांत भुसावळ, देवळाली किंवा कामठी निघालं, तर वकिलाकडे जाऊ नका, उरलेले पैसे घरात ठेवा.