थांब, भाव उतरतील

नगरचं अहिल्यानगर झालं, तरी तालुक्यातालुक्यातला हा माणूस आहे तसाच आहे. पोराला बारावीला बरे मार्क पडतात, बाप भरात येऊन गेम खेळता येतील असा कॉम्प्युटर कबूल करून बसतो, बजेट ‘सगळं धरून चाळीस’ ठरतं, आणि मग कुणीतरी म्हणतंच, "आधी भाऊला विचार."

भाऊ असेल सत्तावीस-अठ्ठावीसचा. घर घोडेगावच्या अलीकडे, नोकरी नगरच्या एमआयडीसीत. शिफ्ट कुठलीही असो, फोन उचलतो. त्याचं दुकान नाही, कमिशन तो घेत नाही, चहासुद्धा अर्धाच पितो. त्यामुळे एकदा सुरू झाला की त्याला आवरायचं कशाच्या जोरावर, हा प्रश्नच आहे.

तुम्ही विचारता, "भाऊ, स्वस्तातलं ग्राफिक कार्ड कोणतं घेऊ?" तो विचारतो, "एसएमपीएस कितीचा?" समोरचा गप्प झाला, की भाऊ गाडीला किक मारतो. घरी येतो. स्क्रीनकडे ढुंकूनही बघत नाही. मशीन बहुधा कुठल्याशा ऑफिसातून निघालेलं, रिफर्बिश्ड, बारक्या कॅबिनेटचं असतं. ते तो आडवं पाडतो, पत्रा सरकवतो, मोबाइलचा टॉर्च लावून फोन दातांत धरतो आणि फुंकर मारतो. आधी धूळ उडते, मग कांद्याचं एक टरफल तरंगत बाहेर येतं. एसएमपीएसवरचं स्टिकर तो बोटाने पुसून वाचतो. २४० वॉट.

"सहा पिनची वायरच नाही, काका."

काका घाबरतात. भाऊ समजावतो: मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून जास्त लागलं, तर एसएमपीएसमधून वेगळी वायर ओढावी लागते. म्हणजे आरएक्स ५८० विसरा, ते १८५ वॉट खातं. शिवाय कॅबिनेट बारकं, म्हणून कार्डही अर्ध्या उंचीचं हवं. काकांना यातलं एवढंच कळतं की आपल्या घरात कशाची तरी वायर नाही.

भाऊचा हाडवैरी म्हणजे ‘फोर जीबी’. गिऱ्हाईक जीबी मोजतं आणि दुकानदाराला ते ठाऊक असतं. म्हणून जीटी ७३० हे २०१४ सालचं कार्ड, चार जीबी डीडीआर थ्री मेमरी डकवून, अजून नवंकोरं म्हणून खपतं. भाऊचं म्हणणं, चाळीत कांदा चारशे गोणी मावेल हो, पण दार एकाच माणसापुरतं असेल तर ट्रक भरणार कधी? हे दार तो आकड्यांनिशी दाखवतो: ६४ बिटच्या डीडीआर थ्री ७३० मधून सेकंदाला साधारण १४ जीबी माल निघतो, जीटीएक्स १६५० मधून १२८. मेमरी दोन्हीकडे चारच जीबी. एवढं ऐकून पोरगं मान डोलावतं आणि दुसऱ्या दिवशी नगरला जाऊन ७३० घेऊन येतं, कारण त्याच्या खोक्यावर ड्रॅगन आहे.

भाऊच्या स्वतःच्या मशीनमध्ये जीटीएक्स १०५० टीआय आहे, २०१७ साली घेतलेलं. वेगळी वायर लागत नाही, हे त्याचं शील. २०२१ च्या टंचाईत एकाने त्याला खरेदीपेक्षा जास्त पैसे देऊ केले होते, तरी भाऊने ते विकलं नाही. ही कथा तो न विचारता सांगतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने त्या पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेमांचे ड्रायव्हर काढणं बंद केलं, तेव्हा तो दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. घरच्यांना वाटलं, सोयरीक फिसकटली.

भाऊचं नाव झालं ते त्या टंचाईतच. लॉकडाऊन, चिपांचा तुटवडा आणि वर इथेरियम हे आभासी चलन खणणारे; बाजारात येईल ते कार्ड ते उचलायचे. किमती दुप्पट झाल्या. पोरं रडकुंडीला आली, कर्जाऊ पैसे घेऊन निघाली. भाऊने एकच शब्द दिला: थांब. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धतच बदलली, कार्डाने खणायचं काम संपलं, भाव आधीच घसरत होते ते आणखी उतरले आणि खाणीतून निघालेली आरएक्स ५८० कार्डं पोत्याने विकायला आली. भाऊ द्रष्टा ठरला. माझ्या मते त्याचं तिथेच बिघडलं.

तेव्हापासून तो सगळ्यांना थांबवतो. दिवाळी सेल येऊ दे. नवी सिरीज येऊ दे, जुनीचे भाव पडतील. फेब्रुवारी २०२४ मध्ये सहा जीबीचं आरटीएक्स ३०५० आलं: ७० वॉट, वायर नको, अर्ध्या उंचीतही मिळणारं. काकांच्या कॅबिनेटसाठीच जणू घडवलेलं. भाऊने ते तोंडभरून वाखाणलं आणि म्हणाला, "आत्ताच निघालंय, जरा थांब." सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलणार म्हणून अर्धा तालुका थांबवला. मोठे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८ वर आले. कार्ड आधीही १८ टक्क्यांतच होतं, तिथेच राहिलं.

घरात आणखी एक थांबणारे आहेत. भाऊचे वडील उन्हाळ कांदा चाळीत भरतात आणि भाव चढायची वाट बघतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, तेव्हा ते म्हणाले, निघंल. डिसेंबरात निर्यातच बंद झाली. भाऊचं ठरलं होतं, कांद्याच्या पैशांतून नवीन कार्ड. भाऊची आई दोघांनाही एकाच ताटलीत चहा-बटर देते आणि म्हणते, "एक चढायची वाट बघतोय, एक उतरायची. मधी माझी गिरणी राहिली ती राहिलीच." तिला पिठाची घरगुती गिरणी हवी आहे. ती कितीला मिळते, हे तिला दुकानासकट पाठ आहे.

मग २०२५ च्या शेवटी रॅम भडकली. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी गिळायला सुरुवात केली, आणि कार्डावरही मेमरीच असते, हे तर भाऊनेच सगळ्यांना शिकवलेलं. थांबलेली पोरं एकेक करून ओट्यावर यायला लागली. त्यांतलं एक बापालाच घेऊन आलं. भाऊने मोबाइलवर ३०५० चा भाव काढला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"काका, आजच घ्या."

काका निवांत टेकले. "घाई काय? एवढं थांबलोय, अजून थांबू. उतरतील की."

"नाही उतरणार, काका!" भाऊचा आवाज चढला. "आज घेतलं तर घेतलं. उद्या या किमतीला मिळणार नाही, शेवटचे दोनच पीस राहिलेत!"

आतून आई म्हणाली, "दुकान कधी टाकलंस रे?"