नळाचा शब्द

मागच्या जूनमध्ये, शाळा सुरू व्हायला आठवडा असताना, मी एक वेळापत्रक केलं. पांढरा कार्डशीट, पाच रंगांची स्केचपेनं आणि पट्टी घेऊन बसले. सहाला उठणे, सहा दहाला दात, सहा पंचवीसला दूध, असं करत करत रात्री साडेनऊच्या ‘दिवा बंद’पर्यंत सगळा दिवस चौकटींत बसवला. हा आजार प्रत्येक आईला एकदा होतोच, गोवरासारखा. थोरल्याने ते वाचलं आणि ‘दूध’चा उकार मी ऱ्हस्व काढलाय, एवढंच दाखवून दिलं. तो चौथीत आहे. धाकटीने दातांच्या चौकटीत एक राक्षस काढला. आठवड्याभरात त्या कागदाच्या कोपऱ्यात गॅसवाल्याचा नंबर आला, तोही माझ्याच अक्षरात, आणि पोळ्याला धाकटीने मागच्या कोऱ्या बाजूवर बैलजोडी रंगवून शाळेत नेली. कार्डशीट चांगला होता, वाया गेला नाही.

मूळ दुखणं सकाळचं. सव्वासातला रिक्षावाले काका कोपऱ्यावर हॉर्न वाजवतात आणि साडेसहापासून माझ्या हाका सुरू होतात. पहिली हाक गोड असते. दुसरी नुसत्या नावाने, तिसरी बापाच्या नावासकट, आणि चौथीला आडनाव लागलं की शेजारच्या काकू खिडकी लावून घेतात. पांघरुणाखालून उत्तर ठरलेलं, ‘पाच मिनिटं.’ खानदेशातल्या मुलांना पांघरूण फक्त डिसेंबर-जानेवारीतच लागतं. एरवी ती तशीच झोपतात, पण ‘पाच मिनिटं’ बारा महिने असतात.

आणि तरी, एक दिवसाआड ही मुलं आपली आपण उठतात. हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली.

आमच्या जळगावातल्या कॉलनीत नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या पहाटे आधी नळ खाकरतो. म्हणजे हवा येते. फुर्र, फुर्र, मग एक लांब शिट्टी, मग तपकिरी दोन थेंब आणि मग धार. ही शिट्टी ऐकू आली की धाकटी अंथरुणात ताडकन उठून बसते आणि ‘आलं!’ असं ओरडत पायऱ्या उतरते. थोरला तिच्या मागे पाईप घेऊन धावतो. शेजारी मोटार लावायच्या आत आपलं पिंप भरलं पाहिजे, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. पिंप, मग मोठी टाकी, मग स्वयंपाकघरातले हंडे, मग बादल्या, आणि सगळ्यात शेवटी कूलर. हा क्रम त्याचा त्याने लावलाय. पाईप एका भांड्यातून दुसऱ्यात टाकताना धार मोडू न देता अंगठ्याने दाबून धरायची कला त्याच्याइतकी त्याच्या वडिलांनाही येत नाही, आणि वडील इंजिनीयर आहेत. पाणी वाहतंच आहे म्हणून दोघं तिथेच दात घासतात, तिथेच आंघोळ करतात, आणि पावणेसातला गणवेशात दूध मागत उभी असतात. त्या दिवशी मी एकही हाक मारलेली नसते. काकूंची खिडकी उघडी असते.

नळाला ‘पाच मिनिटं’ म्हणता येत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. आईला म्हणता येतं. आई थांबते, चिडते, पुन्हा येते, मुलांना तिचा सगळा ताळेबंद पाठ असतो. नळ एकदा गेला की गेला.

हे मला खरं तर माहेरीच कळायला हवं होतं. माझं माहेर धुळं. धुळ्याला गल्ल्यांनासुद्धा नंबर आहेत. इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश ताब्यात घेतल्यावर कॅप्टन ब्रिग्जने धुळं मुख्य ठाणं केलं आणि जुन्या गावाच्या बाजूला सरळ रेघेत पेठ आखली. पत्ता सांगताना आम्ही आजही ‘गल्ली नंबर पाच’ असंच सांगतो. अशा गावात वाढलेल्या माणसाला शिस्त उपजत असणार असं सासरी वाटलं होतं. तो गैरसमज लवकर मिटला. पण माझ्या आईच्या घराला खरोखरच एक घडी होती, आणि ती तिने कधी कुठे लिहिली नव्हती. धुळ्याचं पाणी म्हणजे जळगावकरांनीही स्वतःला श्रीमंत समजावं असं. उन्हाळ्यात तर कधी आठ-आठ दिवसांनी. त्यामुळे आईचा आठवडा सोमवार ते रविवार असा नव्हताच, पाणी ते पाणी असा होता. पाण्याच्या दिवशी डोक्यावरून आंघोळ, त्याच दिवशी नखं, त्याच दिवशी चादरी, त्याच दिवशी शेजारच्या आजींच्या दोन घागरी भरून द्यायच्या. दुसऱ्या दिवशी डाळीचं, तिसऱ्या दिवशी शेवभाजी, आणि पाणी आटत आलं की कळण्याची भाकरी, ठेचा आणि तेल, म्हणजे भांडीच कमी. ‘आज काय करू?’ हा प्रश्न आईने कुणाला विचारलेला मला आठवत नाही. आम्हीही कधी विचारला नाही. पिंपात डोकावलं की जेवण कळायचं.

आता ती कधी आमच्याकडे राहायला आली आणि मी पोरांवर ओरडताना दिसले, की भाजी निवडता निवडता विचारते, ‘काब्र बोंबलस व माय?’ ‘का ओरडतेस गं बाई?’ हा प्रश्न अहिराणीत फार सौम्य वाटतो. त्याला उत्तर नसतं.

याच जळगावात बहिणाबाई चौधरी राहिल्या. आसोद्याची लेक, लग्न होऊन इथे आली, ऐन तारुण्यात नवरा गेला, पदरात तीन मुलं आणि शेती. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, चुलीपाशी, शेतात सुचलेल्या त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने टिपून ठेवल्या, आणि त्या गेल्यावर, १९५२ साली, त्यांचं पुस्तक झालं. त्यांच्या कवितेवर बोलायचा अधिकार माझा नाही. मला फक्त एक संसारी शंका येते, की या बाईने मुलांना उठवलं कसं असेल? मला वाटतं, उठवलंच नसेल. पहाटे जात्याची घरघर सुरू झाली की त्या घरात कोण झोपून राहणार? आपल्याकडे पीठ गिरणीतून येतं आणि गिरणी दहाला उघडते, तिथेच घोटाळा झाला असावा.

शिस्तीचा दुसरा रस्ता आमच्या जिल्ह्यातच सापडला होता, अमळनेरला. साने गुरुजी १९२४ ते ३० तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि मुलांचं छात्रालय सांभाळत. मुलं बाहेर गेली की ते न बोलता त्यांच्या खोल्या झाडायचे, पसारा आवरायचे, मळके कपडे धुवायचे. मुलांना लाज वाटली आणि ती स्वतः आवरायला लागली. ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली. मी प्रयोग केला. आठवडाभर एक शब्द न बोलता दोघांची अंथरुणं घड्या घालून ठेवली, टेबल आवरलं, पेन्सिलींना टोकं काढली. चेहऱ्यावर गुरुजींचा भाव आणायचाही प्रयत्न केला. आठव्या दिवशी मला बरं नव्हतं. संध्याकाळी धाकटी आत आली आणि काळजीने म्हणाली, ‘आई, आज टोकं राहिली का गं?’ गुरुजी थोर होते हे मला त्या दिवशी नव्याने कळलं.

तेव्हापासून मी बोलायचं काम शक्य तितकं वस्तूंवर सोपवलंय. मोजे हे त्यातलं मोठं यश. दुबईच्या नणंदेने आणलेला बिस्किटांचा निळा गोल डबा होता. असल्या डब्यात प्रत्येक घरात सुई-दोरा असतो, आमच्याकडेही होता, त्याला मी बेघर केलं. वाळलेल्या मोज्यांची जोडी एकात एक खोचायची आणि डब्यात टाकायची, दप्तर दाराशी डब्याच्या शेजारी, आणि मग झाकण. झाकण घट्ट आहे, दोन्ही तळव्यांनी दाबलं की टण्ण वाजतं. तो टण्ण आवाज कोणी काढायचा यावरून सुरुवातीला मारामारी झाली, मग पाळी लागली. आता रात्री नऊच्या सुमारास तो आवाज आला की मला स्वयंपाकघरात कळतं, उद्याचं झालं. चैत्रात इथे मोजे दोरीवर अर्ध्या तासात कडकडीत होतात, त्यामुळे पद्धत बिनबोभाट चालते. श्रावणात मोजे फ्रिजच्या पाठीमागे वाळतात आणि डबा नुसताच वाजतो.

ऊनसुद्धा नळासारखंच कडक मास्तर. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो. बारा ते चार बाहेर जायचं नाही, हे मुलांना समजावून सांगावं लागत नाही, एकदा अनवाणी गच्चीवर पाय ठेवला की पुरतं. त्या चार तासांत कूलरपुढे दोन चटया, एक पत्त्यांचा डाव आणि खिडकीला ओला पडदा. पडदा ओला ठेवायचं काम धाकटीचं. ती तो इतक्या निष्ठेने भिजवते की सोफाही थंड राहतो.

संध्याकाळी उशिरा गच्ची तापलेली असते, तिच्यावर दोन बादल्या शिंपडल्या की वाफ उठते आणि मातीचा वास येतो. पूर्वी धाब्यावर खाटा टाकून झोपायचो. आता गच्चीवर उकाडा आणि डास दोन्ही, तरी थोरला एक रात्र हट्टाने काढतोच.

मेमध्ये मुलांना आठ दिवस धुळ्याला सोडते. महामार्गाने पाळधी, एरंडोल, पारोळा, नव्वद-एक किलोमीटर. तिथे माझ्या आईचं वर्षभराचं वाळवण चालू असतं. सकाळी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे, दुपारपर्यंत राखण. राखणदार माझी दोन मुलं, हातात काठी, डोक्यावर ओलं फडकं. पगार म्हणून कुरडयांचा गरम चीक, तूप-साखर घालून, वाटीभर. आई त्यांना दिवसभरात काहीही सांगत नाही. पहाटे ती कोठीतून कढई काढते, त्या आवाजाला ही दोघं उठतात, जी माझ्या आडनावासकटच्या हाकेला उठत नाहीत. गेल्या वर्षीचा तिचा हिशेब असा, की कावळ्यांनी तीन बिबडे नेले आणि राखणदारांनी बावीस, ओलेच. राखणदार मात्र तिने बदलले नाहीत.

येताना तिने बिबड्यांचा डबा दिला आणि वर कढईही देऊ केली. मी म्हटलं, आमच्याकडे कोठी नाही, ओट्याखाली ट्रॉली आहे, सरकवली तरी आवाज येत नाही. ती म्हणाली, मग कशाला लावली?

आत्ता रात्रीचे सव्वानऊ झालेत. डबा वाजला. दप्तरं दाराशी आहेत. पिंप अर्धं आहे, म्हणजे उद्या पाण्याचा दिवस नाही. मलाच उठवावं लागेल.