पाठ पुढे, धार मागे

सिल्वासाच्या डोकमर्डीतल्या सलूनवाल्या पोराने माझ्या हातातला पट्टा उलटासुलटा करून पाहिला आणि आदराने विचारलं, ‘‘काका, कुत्रा केवढा होता?’’

दोष त्याचा नाही. त्याने जन्मापासून ब्लेडच पाहिलंय. कागदासकट मधोमध मोडायचं, अर्धं सरकवायचं, गिऱ्हाईक उठलं की फेकायचं. रोज परजावा लागणारा वस्तरा त्याच्या लेखी तलवारीच्या जातीतला.

वस्तरा परजायचा हा पट्टा आमच्या आजोबांचा. ऐंशीच्या दशकात वडील सिल्वासाला धाग्याच्या कारखान्यात लागले, तेव्हा कोल्हापूरकडून ट्रंकेतून वस्तऱ्यासोबत तोही आला. दोन फूट लांब, अडीच इंच रुंद, म्हशीचं कातडं, हिरडा नि बाभळीच्या सालीत कमावलेलं. म्हणजे कोल्हापुरी चपलेचं सख्खं भावंडच. चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, भावंडाला आमचा माळा. दमणगंगेकाठचा पावसाळा कातड्याला सोसत नाही. खाली काढला तेव्हा त्याच्यावर कोथिंबिरीच्या वडीसारखी बुरशी होती.

दुरुस्ती मी स्वतः करणार, हे ऐकून बायकोने आधी तुरटी शोधून ठेवली.

बुरशी पुसली. कातडं तहानलेलं दिसलं म्हणून वाटीभर खोबरेल पाजलं. आठवड्यात पट्टा घडीच्या पोळीसारखा लोळू लागला. नाक्यावरच्या मोच्याने वास घेतला आणि म्हणाला, ‘‘साहेब, याला फोडणी कोणी दिली?’’ मग त्यानेच सांगितलं : रद्दीत गुंडाळून तेल शोषू द्या, उन्हात घालू नका, लाकडासारखा होईल. सपाट फळीवर ठेवून बारीक पॉलिशपेपरने घासा. पुढे रोज नुसता तळहात फिरवा, हाताचं तेल लागेल तेवढं पुरे. पंधरा दिवस मी टीव्हीसमोर पट्टा चोळत बसलो. घरात कुणाचे पाय इतक्या मायेने चेपल्याची नोंद नाही, हे मला लगेच कळवण्यात आलं.

घासताना चिरा दिसल्या.

आता, पट्ट्यावर धार लागत नाही, ती दगडावर. पट्टा फक्त वाकलेली, डोळ्यांना न दिसणारी कड सरळ करतो. म्हणून वस्तरा पाठ पुढे, धार मागे असा ओढायचा आणि टोकाशी पोचलं की पाठीवरच कूस बदलायची. धारेवर उलटला की कातड्यात गेलाच. आणि आमच्या घरातली आख्यायिका अशी, की आजोबा अंधारात, आरशाशिवाय, नाट्यगीत गुणगुणत दाढी करायचे. हात आयुष्यात चुकला नाही. मी चिरा मोजल्या. अकरा. सगळ्या टोकाशी, कूस बदलतानाच्या. एक तर इतकी खोल, की त्या क्षणी आजीने हाक मारली असणार.

सात चिरा पेपरने निघाल्या. चार काढायच्या तर निम्मं कातडं जाईल, म्हणून राहू दिल्या. कारण खरंच होतं. पण त्या काढायला माझा हातही फारसा उत्सुक नव्हता.

रविवारी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून ताणला. पाठ पुढे, धार मागे. हात हलका. दहा फेऱ्या झाल्या तसं जमलंसं वाटलं आणि नकळत मीही गुणगुणू लागलो. अकराव्या फेरीला स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘‘चहा!’’

पाचवी चीर आजोबांच्या खोल चिरेला अगदी खेटून उमटली.

माझं ‘आईगं’ ऐकून बायको तुरटी घेऊन धावत आली. ‘‘हनुवटी की बोट?’’

‘‘पट्टा.’’

तिने तुरटी परत डबीत ठेवली.